अण्णांच्या गाडीची किल्ली

वाळूजच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासते. माल खराब निघाला की पुरवठादाराला कळवायचं, त्याच्याकडून कारण मागवायचं आणि ते पटलं नाही तर परत पाठवायचं, हे माझं काम. बहुतेक जण पहिल्या खेपेला एकच कारण लिहून पाठवतात, कामगाराची चूक. ते मी परत पाठवते. नव्या मुली हाताखाली आल्या की त्यांनाही पहिल्याच आठवड्यात सांगते, की अहवालात माणूस दोषी दिसला तर समजायचं, लिहिणाऱ्यानं विचारणं मध्येच सोडलंय. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय, की माझ्या मागं त्या माझी नक्कल करतात. मला माहीत आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे घडलं ते कारखान्यात घडलं असतं तर मी चुकले नसते. ते घरी घडलं.

माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला, सत्तरी मागं पडली. गाडी त्यांची आहे, लहान, पेट्रोलवरची, निवृत्तीनंतर घेतलेली. दर आठवड्याला पिशोरच्या बाजाराच्या दिवशी ते ती घेऊन आपल्या थोरल्या बहिणीकडं जातात. आत्याबाईंना आता दिसत नाही. अण्णा तिथं जाऊन बसतात, बाजारातून भाजी आणून देतात, दोघं भांडतात, आणि अंधार पडेपर्यंत अण्णा हडकोतल्या आमच्या घरी परत येतात. त्यांच्या आठवड्याला एवढा एकच खरा दिवस असतो. बाकीचे दिवस ते त्याची वाट पाहण्यात घालवतात.

गाडी मला चालवता येते, पण मी कंपनीच्या बसनं जाते. नवरा मोटरसायकलवर जातो. म्हणजे गाडीला अण्णांशिवाय कुणी हात लावत नाही, वर्षातला एक दिवस सोडून. खंडेनवमीला गाडीची पूजा मी करते. या वेळीही केली. गाडी धुतली, पुसली, पुढच्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. झेंडूच्या दोन माळा आणल्या होत्या. एक पुढं जाळीला बांधली, एक मागं डिकीला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "नवरीपेक्षा लई सजवली. आता तिला पिशोरला न्यायला लाज वाटंल मला."

त्यानंतर आला तो बाजाराचा दिवस. मी कंपनीचा ड्रेस घालून बसला निघाले होते, तर खाली पार्किंगमध्ये अण्णा गाडीत बसलेले. धुतलेला सदरा, टोपी, शेजारच्या सीटवर आत्याबाईंसाठी घेतलेला पेढ्यांचा पुडा. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक होत होतं. सुकलेल्या माळा त्यांनी काढून कुंडीत टाकल्या होत्या.

"बॅटरी बसली वाटतं," ते म्हणाले. "चाचा गेलेत गाडी आणायला. त्यांच्या बॅटरीवरनं लावू."

चाचा म्हणजे समोरच्या घरातले. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता मुलं बघतात. अण्णांची आणि त्यांची बैठक रोज सकाळी, आमच्या ओट्यावर.

मी खिडकीतून आत वाकले. स्टिअरिंगच्या बाजूची दांडी पाहिली. दिव्यांचं बटण चालूवर होतं.

"अण्णा, लाइट चालू आहेत."

"आँ?"

"हे बघा. लाइट. मागच्या वेळी पिशोरहून आलात, तेव्हा अंधार पडला होता. बंद केलेच नाहीत तुम्ही."

अण्णांनी बटणाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "मी तर आत्ताच..." असं काहीतरी म्हणाले, आणि थांबले. त्यांना आठवायला वेळ लागतो. शब्द सापडेपर्यंत ते तोंड किंचित उघडं ठेवतात. मला बसची घाई होती.

"आत्ता काय? बॅटरी एका मिनिटात उतरते का? इतके दिवस दिवा जळत होता. उद्या गॅस असाच चालू ठेवाल."

बटण त्यांनी बंद केलं. चाचांची गाडी आली, तारा जोडल्या, अण्णांची गाडी सुरू झाली. पण तिचा आवाज बरा नव्हता. सगळी थरथरत होती, इंजिनचा आवाज खाली खाली जायचा आणि मग दचकल्यासारखा वर यायचा. फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली.

"आज राहू द्या," मी म्हणाले. "रविवारी मी बघते."

चाचा तारा गुंडाळत होते. मी ओट्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवऱ्याला सांगितलं, की अण्णांनी आठवडाभर लाइट चालू ठेवले होते आणि आता त्यांच्या गाडी चालवण्याचा विचार करायला पाहिजे. नवरा बूट घालत होता. म्हणाला, "मला त्यात ओढू नका. किल्ली तू माग, शिव्या मी खातो, असं नको."

रविवारी मी अण्णांना गाडी चालवायला लावली आणि शेजारी बसले. परीक्षकासारखी. चाचांनी पुन्हा तारा लावून गाडी सुरू करून दिली होती. डिकी खडखड वाजत होती. जुनी गाडी, वाजणारच, असं म्हणून मी ते सोडून दिलं. अण्णा सावकाश आणि नीट चालवत होते. चालत्या गाडीत काही अडचण नव्हती. थांबलं, पाय पेट्रोलवरून काढला, की इंजिनचा जीव जायचा. हर्सूल टी पॉइंटच्या सिग्नलला ती बंद पडली. हिरवा लागला. अण्णांनी किल्ली फिरवली, सुरू झाली, बंद पडली. मागं हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला बाजूला येऊन ओरडला, "ओ बडे मियाँ, धक्का देऊ का घरी सोडू?"

लोक हसले. आणि मी, त्या लोकांपुढं, काच उघडी असताना, मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, क्लच! क्लच दाबायचा विसरता तुम्ही. उतरा. द्या ती किल्ली."

ते उतरले. हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांच्या मधून, एक हात बोनेटवर ठेवत, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले. मी आतूनच स्टिअरिंगकडं सरकले होते. त्यांना तो वळसा घालावा लागेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते बसले, दार लावलं, पट्टा लावला. घरी येईपर्यंत त्यांनी टोपी मांडीवर धरली होती.

मी चालवल्यावर गाडी बंद पडली नाही. यावरून मी निकाल लावला, की दोष पायांचा. खरं तर सिग्नलवर मी सतत थोडी रेस देत राहिले होते. पेट्रोलवरून पाय काढलाच नव्हता. म्हणजे जी गोष्ट तपासायची, तीच मी झाकून ठेवली होती. कारखान्यात एखाद्या मुलीनं असं केलं असतं, तर मी तिला पुन्हा पहिल्यापासून तपासायला लावलं असतं.

किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली. अण्णांनी आत्याबाईंना फोनवर सांगितलं, "गाडी बिघडलीया. व्हईल दुरुस्त." पुढचा बाजाराचा दिवस गेला, त्याच्या पुढचाही. एसटीनं जा असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, "नको, उतरायचं लक्षात राहिलं नाय तर?"

हे ते चेष्टेत बोलले असं मला वाटलं. पण त्यांच्यात फरक पडत होता. स्वयंपाकघरात येऊन गॅसचं बटण बघून जायचे. न्हाणीघरातून बाहेर आले की पुन्हा आत डोकावायचे. जिन्यावरून हाक यायची, "लाइट बंद केला का गं मी?" ओट्यावर चाचांना सांगताना मी ऐकलं, "माझं ध्यान राहत नाय आता. आठवडाभर लाइट चालू. सूनबाईनं पायलं म्हणून." चाचा म्हणाले, "छोडो ना मियाँ, कौनसी रेलगाडी उलट गई." अण्णा हसले नाहीत.

आणि मी काय केलं? प्रत्येक वेळी मनात नोंद केली, की बघा, खरंच विसरतात.

मग दिवाळी आली. फराळाच्या सामानाला मोंढ्यात जायचं होतं, म्हणून मी गाडी काढायला खाली गेले. किल्ली फिरवली. टक-टक.

मी सीटवर बसून राहिले. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. अण्णांनी त्या रविवारनंतर गाडीचं दार उघडलं नव्हतं. बटण पाहिलं, बंद होतं. गाडीजवळ कुणी माणूसच नव्हता आणि बॅटरी पुन्हा बसली होती.

ज्या क्षणी माणूस बाजूला झाला, त्या क्षणी माझं डोकं चालायला लागलं. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. करंट कुठंतरी जातोय, कुठं? दार नीट लागलं नसेल, आतला दिवा जळत असेल. पण बसलेल्या बॅटरीवर काही दिसणार नव्हतं. चाचांना हाक मारली. ते तारा घेऊन आले, गाडी सुरू झाली, तशीच थरथरत. तिला मी फिरवून आणली, वाटेत कुठंही पेट्रोलवरून पाय काढला नाही, आणि परत आणून बंद केली. चाचांना म्हणाले, थांबा जरा. दिवेलागण झाली होती, पार्किंगमध्ये अंधारून आलं होतं. मी गाडीभोवती फिरले. दारं ठीक होती. मागं आले, तर डिकीच्या कडेनं पिवळ्या उजेडाची बारीक रेघ.

हातानं दाबली, तर डिकी खाली गेली आणि परत वर आली. उघडली. खटक्याच्या तोंडात हिरव्या आवरणाची बारीक तार दुमडून बसली होती आणि तिच्या पिळात झेंडूचं वाळकं देठ. खटका अर्धाच लागत होता, म्हणून डिकी खडखडत होती, आणि म्हणून आतला दिवा खंडेनवमीपासून बॅटरीत जीव असेपर्यंत जळत होता.

ती तार आमच्या कंपनीत मालाच्या पेट्यांना चिठ्ठ्या अडकवायला वापरतात. दोरा तुटतो म्हणून मी माळा त्या तारेनं बांधते. मागं बांधायला काही नसतं, म्हणून तारेचं टोक डिकीत घालून वरून डिकी दाबायची, ही माझी युक्ती. आणखी कुणाची असणार? अण्णांनी फुलं ओढून काढली, तार आतच राहिली.

"ये क्या निकला?" चाचांनी विचारलं.

"माझी तार," मी म्हणाले.

त्यांनी ती हातात घेऊन पाहिली. "म्हणजे लाइट नहीं था?"

"लाइटचं बटण चालू होतं त्या दिवशी. मी पाहिलं."

"अरे बेटी, वो तो मैं बोला था उनको. बॅटरी में जान है क्या, लाइट लगाके देखो बोलके. मेरे सामने लगाए. फिर मैं गाडी लाने गया."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुम पूछे कब? मैं आया तो तुम तो बोलतेच जा रहे थे."

खरं होतं. आणि त्यांच्या सांगण्याचीही गरज नव्हती. खंडेनवमीला गाडीच्या दोन्ही दिव्यांना मी स्वतः कुंकू लावलं होतं. अण्णा पिशोरहून परत आले ते त्याच्या आधी. दिवे त्यांनी चालू ठेवले असते, तर पूजेच्या वेळी ते माझ्या नाकासमोर जळत असते, किंवा विझले असते तरी गाडी पुसताना बटण चालूवर दिसलं असतं. हे मला बटण दिसलं त्याच क्षणी आठवायला हवं होतं. त्यांच्या विसरण्यावर बोट ठेवणारी मी, मीच ते विसरले होते.

उरलं इंजिन. ते मी कंपनीतल्या मेंटेनन्सच्या माणसाला विचारलं आणि नंतर गॅरेजवाल्याकडून खात्री करून घेतली. इंजिन जागच्या जागी चालताना त्याला किती हवा लागते, याचा अंदाज गाडीचा छोटा कॉम्प्युटर रोजच्या चालण्यातून बांधत जातो. हवेच्या वाटेवर काजळी साचत गेली, की तो हळूहळू आपला अंदाज बदलतो आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही. बॅटरी पूर्ण बसली की हा शिकलेला अंदाज पुसला जातो. मग तो नव्या गाडीच्या हिशेबानं हवा सोडतो, काजळीमुळं ती पुरत नाही, आणि पेट्रोलवरून पाय काढला की इंजिन बंद पडतं. क्लचचा आणि अण्णांच्या पायांचा संबंध नव्हता. गॅरेजमध्ये काजळी साफ केली, बॅटरी चार्ज केली, आणि गाडी रेस न देता शांतपणे चालू ठेवली, मग एसी लावून, मग थोडी फिरवून. पहिल्या दिवशी कुरकुरली. मग नीट चालायला लागली.

ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोरच सांगायचं असं मी ठरवलं. सकाळी ओट्यावर चहा घेऊन गेले. अण्णा, चाचा, आणि नवऱ्यालाही बोलावलं. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी ती तार ठेवली आणि सगळं सांगितलं. लाइट, डिकी, काजळी, सिग्नल. माझा आवाज नेहमीसारखाच होता, अहवाल वाचल्यासारखा. दुसरा आवाज मला येत नाही. शेवटी म्हणाले, "अण्णा, चूक माझी होती. तुमची काही नव्हती."

अण्णांनी तार उचलली. डोळ्यांजवळ नेली. "म्हंजे लाइट मी चालू ठेवला नव्हता?"

"नाही. त्या दिवशी बॅटरी तपासायला तुम्ही तो लावला होता. चाचांनी सांगितलं म्हणून."

"व्हय?" त्यांनी चाचांकडं पाहिलं.

"व्हय," चाचा त्यांच्याच सुरात म्हणाले. "कितने बार बोलूँ?"

अण्णा तोंड किंचित उघडं ठेवून बसले. आठवत होते. मी घाई केली नाही. मग त्यांनी मान हलवली. "नाय आठवत," ते म्हणाले. "तू म्हणली चालू ठेवला, तेव्हा तसंच आठवाया लागलं. आता तू म्हणतीस नाय ठेवला." तार त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवली. "चहा गार व्हतोय, घ्या."

मी किल्ली पुढं केली. त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडं. तूच चालव. मला काय, बसून जायचं."

नवरा पहिल्यांदा माझ्याकडं पाहून बोलला. "आता काय करणारेस?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. अण्णा डाव्या बाजूला बसले, पेढ्यांचा पुडा मांडीवर. टी पॉइंटच्या सिग्नलला मी पेट्रोलवरून पाय काढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन चालू राहिलं. अण्णांनी कान दिला होता, मला कळत होतं. हर्सूलच्या पुढं रस्ता मोकळा झाला, तेव्हा मी गाडी कडेला घेतली, उतरले, पुढून वळसा घालून त्यांच्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"उतरा, अण्णा."

"कशाला?"

"चालवा."

"नको म्हणलं ना."

"मग मी इथंच उभी राहते. तुम्ही आत, मी बाहेर. आत्याबाई तिकडं वाट बघतायत."

मागून उसाचा ट्रॅक्टर गेला. धूळ उडाली. अण्णा म्हणाले, "लई हट्टी हाईस तू," आणि उतरले. बसल्यावर किल्लीला हात लावण्याआधी त्यांनी मला विचारलं, "लाइट बंद हाय का?" बटण त्यांच्या हाताशी होतं, दिसत होतं. मी म्हणाले, "बंद आहे." मग त्यांनी गाडी सुरू केली. चांगली चालवली. पूर्वीसारखीच. फक्त प्रत्येक गावाच्या थांब्याला मला विचारत होते, गियर बरोबर हाय का, हँडब्रेक काढला का. पूर्वी ते कुणाला काही विचारत नसत.

पिशोरला आत्याबाई अंगणात बसल्या होत्या. आवाजावरून गाडी ओळखली. "आली का तुझी रांड दुरुस्त होऊन?" असं म्हणाल्या, आणि माझा आवाज ऐकून जीभ चावली. मग विचारलं, "इतके दिस काय झालं व्हतं रं तिला? कुनी बिघडवली?"

मी सांगायला तोंड उघडलं. अण्णा आधी बोलले. "कुनी नाय, अक्का. जुनी गाडी, व्हतंच असं. बॅटरीचं काम व्हतं."

असा अहवाल कुणी मला पाठवला असता, तर मी त्याच दिवशी परत धाडला असता. मी पेढा घेतला.

अंधार पडायच्या आत निघालो. मी सामान डिकीत ठेवलं, डिकी लावली. खटक्याचा आवाज नीट आला. अण्णा गाडीत बसले नव्हते, मागं येऊन उभे होते. तळहातानं त्यांनी डिकी दाबून पाहिली.

"लागली ना?"

"लागली, अण्णा."

ते पुढं गेले, दार उघडलं, आणि परत मागं येऊन त्यांनी ती पुन्हा दाबली.